आशाताईंच्या कामाचा हिशेब

बाळाचा जन्म झाला की पुढच्या बेचाळीस दिवसांत आशा स्वयंसेविकेने बाळंतिणीच्या घरी सहा वेळा जायचे असते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट वाढते. या सगळ्या भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात, म्हणजे सहा भेटी धरल्या तरी एका भेटीमागे बेचाळीस रुपये पडत नाहीत. देशभरात सुमारे दहा लाख आणि महाराष्ट्रात सुमारे सत्तर हजार स्त्रिया हे काम करतात, आणि त्यांच्या योगदानाची दखल घेतली पाहिजे यावर मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत कोणाचेच दुमत नसते. ही दखल नेमकी कशाची घ्यायची आणि कोणत्या रूपात घ्यायची, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सरळ नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी त्या एका भेटीत काय घडते ते पाहावे लागेल.

तिसऱ्या दिवशीची भेट

घरात शिरल्यावर आशाताई पहिल्यांदा साबणाने कोपरापर्यंत हात धुते आणि ते कशाला न पुसता हवेतच वाळू देते. मग आईकडे वळते: ताप आला होता का, अंगावरून जाणे जास्त आहे का, त्याला दुर्गंधी येते का, स्तन दुखतात का, काल दिवसभरात पोटभर किती वेळा जेवलीस. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सासू देते, आणि ते ऐकताना सुनेच्या चेहऱ्याकडे पाहायचे असते, हे कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत लिहिलेले नसले तरी अनुभवी आशांना ठाऊक असते. त्यानंतर बाळाच्या काखेत तापमापी धरली जाते. झोळीच्या काट्यावर वजन होते. बाळाचे झबले वर करून, पोटाच्या आणि छातीच्या हालचालीकडे पाहत, पूर्ण एक मिनिट श्वास मोजले जातात. अर्धे मिनिट मोजून दुप्पट केलेले चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. काही क्षण भराभर, मग थोडा थांबून, असा तो असतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर ती पुन्हा एकदा मोजते, आणि दुसऱ्यांदाही तेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यावे लागते.

याशिवाय काही खुणा अशा असतात की त्या कोणत्याही यंत्रात दिसत नाहीत. बाळ कालपर्यंत जोराने दूध ओढत होते आणि आज ओढत नाही, रडणे बारीक झाले आहे, हातपाय ढिले पडले आहेत, पोट फुगले आहे, तळवे गार लागतात, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातो. ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. यांतली पहिली काही लक्षणे घरच्यांना चांगलीच वाटतात. बाळ रडत नाही, मागत नाही, गप्प पडून राहते, म्हणजे शहाणे आहे, असे कौतुकाने सांगितले जाते. त्या कौतुकाच्या आड आजार दडलेला असू शकतो हे ओळखणारे आणि ते घरच्यांना पटेल अशा शब्दांत, त्यांचा अपमान न करता सांगणारे माणूस त्या वेळी त्या घरात असणे, एवढ्यावर पुष्कळदा बाळाचे जगणे अवलंबून असते.

डॉक्टर हे काम अधिक चांगले करू शकणार नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. तपासणी तो नक्कीच अधिक चांगली करील, पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात तो असणार नाही. सरकारी निकषांप्रमाणे सपाटीवरच्या भागात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असते. आदिवासी व डोंगराळ भागात हे आकडे वीस हजार आणि तीन हजार असे आहेत. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडे लसीकरणापासून प्रसूतीपर्यंत इतकी कामे असतात की प्रत्येक बाळंतिणीच्या घरी सहा फेऱ्या मारणे तिच्या आवाक्यातले नाही. नवजात बाळाचा आजार तर काही तासांत हाताबाहेर जातो. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात हजार जिवंत जन्मांमागे २८ बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वी दगावत होती, आणि त्यांपैकी २० पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. म्हणजे बालमृत्यूचा मोठा वाटा अशा काळात घडतो की त्या काळात आई आणि बाळ बहुतेक वेळ घराच्या चार भिंतींत असतात. आरोग्यव्यवस्थेचा शेवटचा टोकाचा माणूस गावातलाच का हवा, याचे सगळ्यात ठोस उत्तर या दोन आकड्यांत आहे.

हे शहाणपण आले कुठून

ते महाराष्ट्रातच, आणि तेही फार मागास समजल्या जाणाऱ्या भागांत घडले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले तेव्हा गावांत शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या. त्या रमेनात आणि गावही त्यांना आपले म्हणेना. मग गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातल्या स्त्रियांना निवडून, दर आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवण्याची रीत बसली. त्या स्त्रिया दोन दिवस शिकून गावी परत जात आणि शिकलेले दुसऱ्या दिवसापासून वापरत. जातीमुळे ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते अशा बायकांच्या हातून बाळंतपणे होऊ लागली, हा त्या प्रयोगाचा आरोग्याइतकाच मोठा परिणाम होता. आरोळे दांपत्याला १९७९चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच सुमारास केंद्र सरकारनेही २ ऑक्टोबर १९७७ रोजी हजार लोकसंख्येमागे एक ग्रामीण आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. त्यांना महिना ५० रुपये मानधन होते. ही योजना का कोसळली हे समजून घेणे आजही उपयोगाचे आहे. निवडलेले लोक बहुतांशी पुरुष होते, त्यांची निवड गावातल्या वजनदार मंडळींच्या शिफारशीने होई, आणि एकदा औषधांची पेटी हाती आली की अनेकांना लहानसा डॉक्टर होण्यात जास्त रस वाटे. बाळंतिणीच्या खोलीत जाण्याची मुभा पुरुषाला नव्हतीच. प्राथमिक आरोग्य केंद्राने त्यांना आपले मानले नाही, आणि पुढे मानधन-नोकरीचे वाद न्यायालयात गेले. १९७८च्या सप्टेंबरात अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने लोकांच्या सहभागावर उभी असलेली प्राथमिक आरोग्यसेवा हे साऱ्या जगाचे ध्येय म्हणून जाहीर केले, तोवर भारताच्या योजनेला जेमतेम वर्ष होत आले होते. तिच्यातली हवा मात्र पुढच्या दशकभरात निघून गेली.

तिसरा धागा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना करत काय फरक पडतो ते मोजले. या स्त्रिया बाळाची ऊब, स्तनपान, वजन यांकडे लक्ष देत, श्वास गुदमरलेल्या बाळाला सावरत, आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच प्रतिजैविक औषध, त्यातले एक इंजेक्शनाने, देत. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सांगितलेली तिसऱ्या-सातव्या-चौदाव्या दिवसाची साखळी त्याच मुशीतून आलेली आहे. २०११ मध्ये ती देशभर लागू झाली, पण आशांच्या हाती इंजेक्शन देण्यात आले नाही. आजारी बाळ ओळखायचे आणि वर पाठवायचे, एवढेच त्यांच्याकडे राहिले. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझ्या मते जिथून दवाखाना तासाभराच्या आत गाठता येतो तिथे तो बरोबर आहे, आणि पावसाळ्यात नदीपलीकडे राहणाऱ्या पाड्याला त्याची किंमत मोजावी लागते.

या अनुभवांत, गावातल्याच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करणाऱ्या, छत्तीसगडने २००२ मध्ये सुरू केलेल्या मितानिन कार्यक्रमाची भर पडली, आणि १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, गावातलीच, शक्यतो विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता, २५ ते ४५ वयाची, किमान आठवी शिकलेली (ही अट नंतर दहावीपर्यंत गेली आणि आदिवासी भागात शिथिल राहिली), आणि निवड ग्रामसभेने केलेली. १९७७च्या चुका टाळण्याचा प्रयत्न या प्रत्येक अटीत दिसतो. गोवा वगळता ही योजना देशभर पसरली.

दिसणारे काम आणि न दिसणारे काम

गरोदर बाईची नोंद, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करणे, मलेरियाचा रक्तनमुना, क्षयरोगाच्या संशयिताची थुंकी तपासणीला पाठवणे आणि पुढे महिनोन्महिने त्याची औषधे चालू ठेवणे, कुष्ठरोगाचे चट्टे शोधणे, तिशीपुढच्या प्रत्येकाच्या रक्तदाब-मधुमेहाच्या जोखमीचा फॉर्म भरणे, आयुष्मान कार्ड काढून देणे, पाण्याचे स्रोत, जंतनाशक गोळ्या, एकामागून एक सर्वेक्षणे. ही यादी इतकी लांबत गेली आहे की खुद्द प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कोणालाही ती एका दमात सांगता येणार नाही. करोनाकाळात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या पथकांत आशाच होत्या, आणि काही वस्त्यांत त्यांच्याकडे आजार घेऊन येणारी बाई म्हणून पाहिले गेले.

पण या यादीत तिच्या कामाचा गाभा येत नाही. सार्वजनिक आरोग्यात एक साधी मांडणी वापरली जाते: बाळंतपणात आई दगावते ती बहुधा तीनपैकी एका उशिरामुळे. दवाखान्यात न्यायचे की नाही हे घरात ठरायला लागलेला उशीर, ठरल्यावर तिथे पोचायला लागलेला उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला उशीर. दुसरा उशीर रस्त्याने आणि रुग्णवाहिकेने कमी होतो. तिसरा डॉक्टर, रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय असण्याने. पहिला उशीर मात्र कोणत्याही बांधकामाने कमी होत नाही. नवरा ऊसतोडीला गेलेला आहे, सासरा म्हणतो आमच्या वेळी सगळी घरीच झाली, घरात पैसे नाहीत, बाईला स्वतःला वाटते की अजून थोडे थांबून पाहू. अशा वेळी रात्री अकराला दार वाजवून ‘चला, गाडी बोलावते, मी सोबत येते’ असे म्हणणारे कोणी असले तर तो उशीर तासांवरून मिनिटांवर येतो. त्या घरात तिचा शब्द चालतो, कारण ती गावातली सून आहे, तिने आधी थोरल्या जावेच्या वेळीही धावाधाव केलेली आहे, आणि उद्याही ती तिथेच राहणार आहे.

दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात सुमारे ३९ टक्के होते, ते २०१९-२१च्या पाहणीत सुमारे ८९ टक्क्यांवर गेले. याचे सारे श्रेय आशांना देणे अतिशयोक्ती ठरेल. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या मातेला मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे पैसे, रस्ते, मोबाईल, रुग्णवाहिका, मुलींचे वाढलेले शिक्षण, हे सगळे त्यात आहे. पण पैसे मिळतात ही बातमी घराघरांत पोचवणारे आणि ते मिळवण्यासाठी कागद जमवून देणारे माणूस नसते, तर ती योजना कागदावर किती राहिली असती याचा अंदाज आपल्याकडच्या इतर योजनांवरून बांधता येतो.

मोबदल्याचे गणित

आशा ही सरकारी कर्मचारी नाही. कागदोपत्री ती स्वयंसेविका आहे, आणि तिला पगार मिळत नाही, ‘कामावर आधारित मोबदला’ मिळतो. प्रत्येक कामाला दर ठरलेला आहे. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेतल्या लाभार्थीमागे ६०० रुपये, त्यातले ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी आणि ३०० दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी. नवजात बाळाच्या भेटींचे २५०. बाळ तीन ते पंधरा महिन्यांचे होईपर्यंतच्या पाच भेटींचे प्रत्येकी ५०. पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाले की १००. मासिक बैठक, नोंदवह्या, ग्राम आरोग्य पोषण दिन अशा ठरावीक कामांसाठी केंद्राकडून २०१८पासून महिना २,००० रुपये मिळू लागले, आणि २०२५ मध्ये ते ३,५०० करण्याचा निर्णय झाला. राज्ये आपापल्या परीने त्यात भर घालतात. महाराष्ट्रात ही भर आपोआप पडलेली नाही. २०२३च्या ऑक्टोबरात आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, आश्वासनानंतर परतल्या, शासन निर्णय निघेना म्हणून २०२४च्या जानेवारीत पुन्हा कामबंद करून मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या, आणि मार्चमध्ये आशांच्या मोबदल्यात महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर होऊन ती नोव्हेंबर २०२३पासून लागू झाली. वीसेक आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांच्या वाट्याला त्या वेळी मात्र १,००० रुपयेच आले.

दरपत्रकाची ही पद्धत वरवर न्याय्य दिसते: जितके काम, तितके पैसे. अडचण तिच्या बारकाव्यांत आहे. महाराष्ट्रासारख्या, दवाखान्यातल्या बाळंतपणांचे प्रमाण आधीच बरे असलेल्या राज्यांत जननी सुरक्षा योजना सर्वांना लागू नाही. ती दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातांपुरती आहे. शेजारच्या घरातली बाई या गटांत बसत नसेल तर तिच्यासाठी तितकेच चालूनही ते ६०० रुपये हिशेबात धरले जात नाहीत. कोणतीही आशा तिला वाऱ्यावर सोडत नाही, कारण गावात तोंड दाखवायचे असते. त्या चालण्याचा खर्च ती स्वतः सोसते. नवजात बाळाच्या २५० रुपयांनाही अटी आहेत: वजनाची नोंद, सुरुवातीच्या लसी, जन्मनोंदणी, आणि आई व बाळ दोघेही बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सुखरूप असणे. ही शेवटची अट नीट वाचावी. जे बाळ कमी वजनाचे आहे, ज्याच्यासाठी ती ठरलेल्या भेटींपेक्षा कितीतरी जास्त वेळा गेली, ज्याला घेऊन ती जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाबाहेर बसून राहिली, ते विसाव्या दिवशी गेले तर या नियमाने तिचे काम पूर्ण होत नाही. फळावर मोबदला बांधला की सगळ्यात कठीण काम सगळ्यात तोट्याचे ठरते, हे शेतमजुरीच्या कोणत्याही उक्त्या कामात दिसते, आणि इथेही तेच झाले आहे.

दुसरा परिणाम हळू होतो. ज्या कामाला दर आहे ते नोंदवहीत येते, जे नोंदवहीत येते ते मासिक बैठकीत विचारले जाते, आणि जे विचारले जाते तेच काम समजले जाते. दारुड्या नवऱ्याच्या घरी जाऊन बसणे, कुमारी माता झालेल्या मुलीला गाजावाजा न होता दवाखान्यात नेणे, क्षयरोग झाल्याचे सासरी कळू नये म्हणून कोणाच्या गोळ्या स्वतःच्या घरी ठेवणे, पाळणा लांबवायच्या गोळ्या हातात हळूच देणे, याला दरपत्रकात रकाना नाही. हजार माणसांच्या गावात वर्षाला पंधरा-वीस बाळंतपणे होतात. त्या वर्षभरात अशा प्रसंगांची संख्या त्याहून कमी नसते.

पगार दिला तर ती सरकारची होईल, गावाची राहणार नाही, असा एक युक्तिवाद अभियानाच्या सुरुवातीपासून केला जातो. तो अगदीच पोकळ नाही. आशा ही गावाच्या वतीने यंत्रणेला जाब विचारणारी कार्यकर्ती असावी, ग्राम आरोग्य समितीत तिने गावाची बाजू मांडावी, अशी मूळ कल्पना होती, आणि पगारदार माणूस आपल्या वरिष्ठाला जाब विचारत नाही हे आपण रोज पाहतो. पण हा युक्तिवाद करणारे एक गोष्ट सोडून देतात. आज तिला बैठकीला बोलावणारे, तिचे देयक मंजूर करणारे, तिला नवे सर्वेक्षण सांगणारे आणि ऑनलाइन माहिती का भरली नाही म्हणून झापणारे, सगळे आरोग्य विभागाचेच असतात. कर्मचाऱ्याची सगळी बंधने तिच्यावर आहेत. फक्त कर्मचाऱ्याचे हक्क नाहीत. स्वातंत्र्य राखण्यासाठी पगार नको, हे म्हणणे तिला स्वातंत्र्य उरले असते तर ऐकण्यासारखे होते.

दखल घेण्याच्या पद्धती

२२ मे २०२२ रोजी जीनिव्हामध्ये जागतिक आरोग्य परिषदेच्या अधिवेशनात भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांचा पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख स्त्रियांच्या समूहाला असा मान मिळणे अभूतपूर्व होते, आणि अनेकींनी तो फोनवर वाचून एकमेकींना पाठवला. त्याच मे महिन्यात ब्राझीलने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना किमान वेतनाच्या दुपटीहून कमी पगार देता येणार नाही, असे ठरवले. दोन्ही घटना दखल घेण्याच्याच होत्या.

आपल्याला पुरस्कार देणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेचे या प्रश्नावरचे मत त्याआधीच, २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, स्पष्ट झालेले होते. अशा कार्यकर्त्यांना कामाच्या बोजाला आणि जबाबदारीला साजेसा मोबदला द्यावा, तो पूर्णपणे किंवा मुख्यतः कामाच्या मोजणीवर अवलंबून ठेवू नये, लेखी करार करावा आणि पुढे जाण्याची वाट मोकळी ठेवावी, असे त्यात म्हटले आहे. इथिओपियाने २००३च्या सुमारास दहावी झालेल्या मुलींना वर्षभर प्रशिक्षण देऊन थेट सरकारी पगारावर नेमले. पाकिस्तानात १९९४ पासून काम करणाऱ्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि मग त्यांना सेवेत नियमित करण्यात आले. या देशांची तिजोरी आपल्यापेक्षा भरलेली होती असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडेही २०१३च्या भारतीय श्रम परिषदेने योजनांखाली काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केलेली आहे. त्यात सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघेही बसले होते.

दखलीचा आणखी एक भाग पैशांचा नाही. आशाने पाठवलेल्या रुग्णाला वर काय झाले हे तिला कळवण्याची रीत आपल्याकडे जवळपास नाही. तिने ओळखलेले आजारी बाळ वाचले की नाही, निदान बरोबर होते की चुकले, हे तिला कळते ते नातेवाइकांकडून. ज्या डॉक्टरांना हे सुचते ते मासिक बैठकीतली पाच मिनिटे यासाठी ठेवतात, आणि त्या पाच मिनिटांत होणारे शिक्षण कोणत्याही पुस्तिकेपेक्षा पक्के असते. याला शासन निर्णय लागत नाही. रात्री रुग्ण घेऊन आलेल्या आशाला दवाखान्यात बसायला खुर्ची आणि पाठ टेकायला जागा मिळावी, यालाही लागू नये.

निवृत्तीचा प्रश्न मात्र आता तोंडाशी आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू होतो असा निकाल दिला. आशा त्यात येत नाहीत. असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना ३,००० रुपये पेन्शन आहे, पण तिच्यात नाव घालण्याचे वय १८ ते ४०. अभियानाच्या पहिल्या वर्षी पस्तिशीत निवडली गेलेली आशा ही योजना आली तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती, म्हणजे जिने सगळ्यात जास्त वर्षे काम केले तिच्यासाठीच दार बंद होते. दहा वर्षांनंतर काम सोडणाऱ्या आशेला केंद्राकडून एकरकमी २०,००० रुपये देण्याची तरतूद होती, ती २०२५ मध्ये ५०,००० करण्यात आली. महिना ३,००० रुपयांच्या त्या पेन्शनच्या हिशेबाने ही रक्कम सतरा महिनेही पुरत नाही.